रिपोर्टच्या कोणत्या ओळीत दिसतो व्यायाम?

“तीन महिने झाले, रोज चालतेय. वजन जेमतेम किलोभर उतरलं आणि कोलेस्टेरॉल आहे तिथंच आहे. मग कशाला चालायचं?” वजन जास्त असलेल्या बायकांकडून ही तक्रार नेहमी ऐकू येते आणि बऱ्याचजणी इथंच चालणं सोडून देतात. खरं तर तोवर त्यांच्या शरीरात बदल सुरू झालेला असतो. त्या तो वजनकाट्यावर आणि रिपोर्टमधल्या एकाच आकड्यात शोधत असतात, आणि व्यायामाचा परिणाम नेमका तिथंच सगळ्यात कमी दिसतो. व्यायाम काय बदलतो, काय थोडं बदलतो आणि काय जवळजवळ बदलतच नाही, हे आधी कळलं तर अपेक्षाही रास्त राहतात आणि मेहनतही वाया गेल्यासारखी वाटत नाही.

आधी रिपोर्ट वाचू या

लिपिड प्रोफाइलच्या कागदावर साधारण चार आकडे महत्त्वाचे असतात : एकूण कोलेस्टेरॉल, एलडीएल, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड्स. एलडीएल रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचतं, म्हणून ते कमी हवं. ट्रायग्लिसराइड्स म्हणजे रक्तातून फिरणारी चरबी. उपाशीपोटी ती १५० च्या आत असावी. एचडीएल बायकांमध्ये ५० च्या वर असावं.

आपल्याकडची मुख्य गोची एचडीएलची आहे. महाराष्ट्रासह तामिळनाडू, झारखंड आणि चंदीगड इथं झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यात ७२.३ टक्के लोकांचं एचडीएल कमी निघालं आणि २९.५ टक्क्यांचे ट्रायग्लिसराइड्स जास्त. एलडीएल जास्त असलेले मात्र ११.८ टक्केच होते. म्हणजे भारतीय शरीराचा ठरलेला बिघाड ‘एचडीएल कमी, ट्रायग्लिसराइड्स जास्त’ असा आहे. पोटाचा घेर वाढतो आणि इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही, तेव्हा हाच बिघाड दिसतो. व्यायामाचा हात सगळ्यात चांगला चालतो तोही याच बिघाडावर.

या चार आकड्यांच्या शेजारी आणखी तीन लिहा : कमरेचा घेर, रक्तदाब आणि उपाशीपोटीची साखर. घेर ८० सेंटिमीटर किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड्स १५० किंवा जास्त, एचडीएल ५० पेक्षा कमी, रक्तदाब १३०/८५ किंवा जास्त, साखर १०० किंवा जास्त. या पाचांपैकी तीन गोष्टी जुळल्या की डॉक्टर त्याला ‘मेटाबॉलिक सिंड्रोम’ म्हणतात. मधुमेह आणि हृदयविकार या दोन्हींची वाट तिथून सोपी होते.

घेर मोजताना एक काळजी घ्या. परकराची नाडी किंवा सलवारीची गाठ जिथं येते तिथं टेप लावू नका. बहुतेकींची ती जागा पोटाच्या घडीखाली असते. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड बोटांनी चाचपा आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप धरा. तो पाठीमागे खाली घसरलेला नाही ना, हे आरशात बघा. श्वास सहज सोडल्यावर माप घ्या, पोट आत ओढून नाही. दर दोन आठवड्यांनी, सकाळी, याच पद्धतीनं.

शरीरात नेमकं काय घडतं

स्नायू हा साखरेचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक. जेवणानंतर इन्सुलिनच्या हुकमानं रक्तातली जी साखर उचलली जाते, तिचा मोठा वाटा स्नायूंकडे जातो. लठ्ठपणात, विशेषतः पोटाच्या आतल्या चरबीमुळे, स्नायू हा हुकूम ऐकेनासे होतात. मात्र काम करणाऱ्या स्नायूला साखर आत घ्यायला इन्सुलिनची वाट पाहावी लागत नाही. चालणाऱ्या मांडीचा आणि पोटरीचा स्नायू वेगळ्या मार्गानं साखर ओढून घेतो. व्यायाम थांबल्यावरही काही तास, कधी दोन दिवसांपर्यंत, तो इन्सुलिनला जास्त चांगली दाद देतो.

चरबीच्या बाबतीतही तसंच. स्नायूंमधल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर लायपोप्रोटीन लायपेज नावाचं विकर असतं. रक्तातले ट्रायग्लिसराइड्स फोडून ते स्नायूला जाळायला देतं. व्यायामानंतर त्याचं काम वाढतं. म्हणून आदल्या दिवशी दमदार चालणं झालं असेल, तर दुसऱ्या दिवशीच्या जेवणानंतर ट्रायग्लिसराइड्स कमी चढतात. ट्रायग्लिसराइड्सनी भरलेले कण असे फुटत असताना एचडीएललाही हातभार लागतो. शिवाय यकृतात साठलेली चरबी व्यायामानं घटते, वजन तेवढंच राहिलं तरी. सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ लिहून आलं असेल, तर हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

यातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. पहिली, हा परिणाम एकदोन दिवस टिकणारा आहे. रविवारी दोन तास चालून आठवडाभर बसून राहिलात, तर बुधवारपर्यंत त्यातलं फारसं उरत नाही. लागोपाठ दोन दिवसांहून जास्त खाडा नको, हा नियम त्यामुळेच. दुसरी, चालून आल्यावर चहा, खारी आणि वर ‘आज व्यायाम केलाय’ म्हणून वाटीभर जास्त पोहे असं झालं, तर खर्च झालेली ऊर्जा लगेच भरून निघते आणि ट्रायग्लिसराइड्सवरचा परिणाम बराच फिका पडतो.

एलडीएल का हलत नाही?

व्यायामाकडून इथं फार अपेक्षा ठेवू नये. नुसत्या व्यायामानं एलडीएल थोडंच उतरतं, कधी उतरतच नाही. पण आकडा तोच राहूनही आत फरक पडू शकतो. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात वजन जास्त असलेल्या, बैठ्या सवयीच्या स्त्री-पुरुषांवर झालेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे आठ महिने आठवड्याला ३२ किलोमीटर जॉगिंगइतका व्यायाम करणाऱ्यांमध्ये एलडीएलचे लहान, घट्ट, जास्त त्रासदायक कण कमी झाले. वजनात मोठी घट नसतानाही हे घडलं. १९ किलोमीटर चालणाऱ्यांनाही काहीच न करणाऱ्यांपेक्षा फायदा झाला. फरक पाडला तो मुख्यतः वेगानं नव्हे, तर एकूण किती व्यायाम झाला त्यानं.

रिपोर्टमधली एक खुबीही माहीत असू द्या. अनेक प्रयोगशाळा एलडीएल थेट न मोजता हिशेबानं काढतात : एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा आणि ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग वजा. समजा, आधीच्या रिपोर्टमध्ये एकूण २२२, एचडीएल ३८ आणि ट्रायग्लिसराइड्स २१० आहेत. २२२ मधून ३८ आणि ४२ गेले, एलडीएल आलं १४२. तीन महिन्यांनी एकूण २१४, एचडीएल ४१, ट्रायग्लिसराइड्स १६०. आता २१४ मधून ४१ आणि ३२ गेले, एलडीएल १४१. एलडीएलच्या ओळीवर बोट ठेवलं तर तीन महिन्यांत एकाच अंकाचा फरक! पण ट्रायग्लिसराइड्स ५० नं उतरले आहेत. एकूणातून एचडीएल वजा केलं की उरतं ते ‘नॉन-एचडीएल’, म्हणजे त्रासदायक कोलेस्टेरॉलची गोळाबेरीज. ते १८४ वरून १७३ झालं आहे. म्हणून रिपोर्ट हातात आला की नॉन-एचडीएल स्वतः काढून बघा. एका वजाबाकीचं काम आहे.

एलडीएल उतरवायला इतर उपाय लागतात. वनस्पती तूप, खारी-बिस्किटं-पॅटिस, रोजचं भरपूर तूप-लोणी-साय आणि खोबऱ्याचं सढळ वाटण आवरा. डाळी, उसळी, भाज्या, फळं वाढवा. थायरॉइडची तपासणी करून घ्या, कारण थायरॉइड मंदावला की एलडीएल चढतं. पाळी थांबण्याच्या आसपासच्या वर्षांतही ते चढतं, आहारविहारात काहीच बदल झाला नसला तरी. डॉक्टरांनी स्टॅटिनची गोळी दिली असेल, तर ‘आता चालतेय ना’ म्हणून ती परस्पर बंद करू नका. गोळी आणि चालणं यांची कामं वेगळी आहेत. एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त असेल, तर त्यामागे आनुवंशिक कारण असू शकतं. तिथं नुसता व्यायाम पुरणार नाही.

एचडीएलबद्दलही स्पष्ट बोललेलं बरं. २५ चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात व्यायामानं एचडीएल सरासरी अडीच अंकांनी वाढलेलं दिसलं, आणि तेवढ्यासाठी आठवड्याला निदान दोन तास व्यायाम लागत होता. आठवड्यातून किती वेळा किंवा किती जोरात, यापेक्षा एका वेळी किती मिनिटं व्यायाम झाला याला जास्त महत्त्व होतं. ३८ चं एकदम ५५ होईल अशी आशा नको. एचडीएलचा आकडा नुसता औषधानं वाढवून हृदयविकार टळत नाहीत, हेही आता दिसून आलं आहे. तेव्हा एचडीएलचे वाढलेले दोनतीन अंक म्हणजे शरीराचा कारभार सुधारत असल्याची खूण, एवढंच समजा.

वजन की घेर?

कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठानं पोटाचा घेर मोठा असलेल्या, पाळी सुरू असलेल्या बायकांवर केलेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला व्यायाम करायला लावला, पण वजन मुद्दाम उतरू दिलं नाही. जेवढी ऊर्जा खर्च होई तेवढी खायला दिली. तरीही त्यांच्या पोटावरची चरबी घटली. वजनकाट्याला हे कळण्याची सोयच नव्हती.

भारतीय शरीराच्या बाबतीत तर काटा आणखी फसवा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये २००४ साली आपलं दोघांचंच छायाचित्र आणि आकडे छापले. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आपल्याकडे चरबी जास्त, स्नायू कमी आणि साठा पोटाजवळ, हे त्यातून ठळक झालं. म्हणूनच भारतीयांसाठी लठ्ठपणाची रेषा ३० ऐवजी बीएमआय २५ वर धरली जाते. म्हणूनच स्नायू राखणं हे आपल्यासाठी वजन उतरवण्याइतकंच महत्त्वाचं आहे. कडक उपासानं वजन भराभर उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातो. वजन परत येतं तेव्हा मुख्यतः चरबीच येते.

याचा अर्थ वजन उतरण्याला महत्त्व नाही असा नाही. पाचसात टक्के उतरलं तरी साखर, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड्स या सगळ्यांत सुधारणा होते. पण ते काम मुख्यतः ताटाचं आहे.

घरकाम मोजायचं का?

“दिवसभर पायांवर उभी असते, अजून काय व्यायाम करायचा?” प्रश्न रास्त आहे. पण ओट्यापाशी उभं राहून पाय दुखतात, कंबर धरते, आणि हृदयाचे ठोके मात्र फारसे वाढत नाहीत. दमणं वेगळं, धाप लागणं वेगळं. सोपी कसोटी अशी : काम करताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, एवढा श्वास वाढला असेल तर ती मिनिटं व्यायामात धरा. उकिडवं बसून जोर लावून फरशी पुसणं, पाण्याच्या कळशा वाहणं, सामान घेऊन जिना चढणं यांत श्वास तेवढा वाढतो. पोळ्या लाटण्यात आणि भाजी निवडण्यात नाही. सलग दहा मिनिटं असली तरच मोजायची, ही जुनी अट जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० च्या मार्गदर्शनात ठेवलेली नाही, त्यामुळे तुकड्यातुकड्यांतली मिनिटंही जमेस धरता येतात. लक्ष्य आहे आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम.

२०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अंदाजानुसार भारतातल्या ५७ टक्के बायकांची शारीरिक हालचाल पुरेशी नाही, पुरुषांमध्ये हे प्रमाण ४२ टक्के. यात आळसापेक्षा वेळेचा प्रश्न मोठा आहे. रात्रीच्या जेवणानंतरची १५ मिनिटं साखरेसाठी फार मोलाची असतात, आणि नेमक्या त्याच वेळी ओटा आणि भांडी बायकांची वाट बघत असतात. ओटा त्या वेळी घरातल्या दुसऱ्या कुणी आवरावा. हाही उपचाराचाच भाग समजा.

बारा आठवड्यांचा बेत

पहिले चार आठवडे : रोज दोनदा दहा दहा मिनिटं चालणं, त्यातलं एक रात्रीच्या जेवणानंतर. रस्ता सपाट असावा. टाचेला गादी असलेले बूट घाला. साडीवर बूट शोभत नाहीत, हा विचार बाजूला ठेवा. बाहेर जाणं जमत नसेल तर गच्ची, सोसायटीचं आवार, इमारतीचा लांब व्हरांडा, काहीही चालेल.

पाचवा ते आठवा आठवडा : आठवड्यातून पाच दिवस सलग ३० मिनिटं. पाच मिनिटं सावकाश सुरुवात, मग दोन मिनिटं झपझप आणि तीन मिनिटं नेहमीच्या चालीनं, असं आलटून पालटून. वजन जास्त असेल तर इतरांना सावकाश वाटणाऱ्या चालीतही तुमचा श्वास पुरेसा वाढतो. मैत्रिणीच्या वेगाशी बरोबरी करू नका.

नववा ते बारावा आठवडा : ४० ते ४५ मिनिटं, पाच दिवस. गुडघे कुरकुरत नसतील तर एकदोन मजले जिना.

पाचव्या आठवड्यापासून, मध्ये एक दिवस सोडून, आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम :

१. खुर्चीतून उठबस. हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवा. पावलं खांद्यांइतकी लांब आणि किंचित मागे. हात छातीवर घडी घातलेले. पुढे झुका, टाचांवर भार द्या आणि उठा. खाली येताना चार अंक मोजत या. धपकन बसलात तर अर्धा व्यायाम गेला. जमत नसेल तर खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवा.

२. भिंतीवर जोर. हातभर अंतरावर उभ्या राहा, तळवे छातीच्या उंचीवर भिंतीला लावा, कोपर वाकवून छाती भिंतीकडे न्या आणि परत ढकला.

३. पिशवी ओढणं. पिशवीत पाण्याच्या भरलेल्या एक लिटरच्या दोन बाटल्या ठेवा. एक हात टेबलावर टेकून पुढे वाका आणि दुसऱ्या हातानं पिशवी बरगडीपर्यंत ओढा.

४. टाचा उचलणं. ओट्याला धरून चवड्यांवर वर, सावकाश खाली.

५. पूल. पाठीवर झोपून गुडघे वाकवा, कंबर उचला, तीन अंक थांबा.

प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा, दोन फेऱ्या. शेवटचे दोन जड वाटायला हवेत. वाटत नसतील तर वजन वाढवा. जोर लावताना श्वास सोडा. रोखून धरलात तर रक्तदाब एकदम चढतो.

गुडघे, दम आणि गोळ्या

गुडघे दुखतात म्हणून चालणं बंद करणाऱ्यांनी आधी वरची उठबस आणि मांडीचे व्यायाम महिनाभर करावेत, जोडीला पोहणं किंवा जागच्या जागी चालवायची सायकल. गुडघेदुखी असलेल्या वजनदार लोकांवरच्या एका अभ्यासात, एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो, असं दिसलं होतं.

थोडं चाललं तरी धाप लागत असेल, तर सगळा दोष वजनावर ढकलू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन तपासून घ्या.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील, तर व्यायामानं साखर अचानक उतरू शकते. सोबत ग्लुकोज किंवा साखर ठेवा आणि डोस बदलायचा का, हे डॉक्टरांना विचारा. रक्तदाब १८०/११० च्या वर असेल तर आधी तो आटोक्यात आणा. ट्रायग्लिसराइड्स ५०० च्या वर असतील तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. आधी डॉक्टर, मग बाकी सगळं. चालताना छातीत दाब, जबडा-हात-पाठीत कळ, दरदरून घाम, मळमळ किंवा कधी न जाणवलेला थकवा आला, तर थांबा आणि लगेच रुग्णालय गाठा. बायकांमध्ये हृदयविकाराची लक्षणं पुष्कळदा अशी आडवळणानं येतात आणि पित्त समजून सोडून दिली जातात.

पीसीओएस असेल किंवा गरोदरपणात साखर वाढली असेल, तर साखरेची तपासणी वर्षाला एकदा तरी हवीच.

पुन्हा तपासणी

बारा आठवड्यांनी, त्याच प्रयोगशाळेत, तेवढाच वेळ उपाशी राहून रक्त द्या. आदल्या दिवशी नेहमीपेक्षा खूप जास्त चालू नका, नाहीतर ट्रायग्लिसराइड्स तात्पुरते कमी दिसतील. दिवाळीच्या फराळाच्या आठवड्यात किंवा तापातून उठल्या उठल्याही नको.

मग जुना आणि नवा रिपोर्ट शेजारी ठेवा. ट्रायग्लिसराइड्स, घेर किंवा साखर उतरली असेल, तर बेत लागू पडला आहे. वजन हललं नसलं तरी तोच चालू ठेवा. हे उतरले पण नॉन-एचडीएल अजून जास्तच असेल, तर आहार आणि औषधाबद्दल डॉक्टरांशी बोला. काहीच हललं नसेल, तर आठवड्याची खरी मिनिटं मोजा, थायरॉइड तपासा आणि व्यायामानंतर काय खाल्लं जातं ते आठवडाभर लिहून काढा. डॉक्टरांकडे जाताना हाच कागद बरोबर न्या : सात आकडे, दोन तारखा आणि आठवड्याची मिनिटं. पुढचा सगळा सल्ला त्यावर ठरेल.